बघून आखलेले डोळे

१

श्रावण लागला की परटवण्यातल्या भिकाजीच्या गणपतीच्या शाळेत पाय ठेवायला जागा उरत नसे. फळ्यांवर गणपती, फळ्यांखाली गणपती, आणि मधल्या बोळात शाडू मळत बसलेला भिकाजी. शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा, त्याच्या घराचीच पुढची पडवी, तट्ट्या लावून बंद केलेली. माणूस हाताने गोड, पण भलत्या चौकशांचा. घड्याळ बंद पडलं तर ते दुरुस्तीला देण्याऐवजी का बंद पडलं हे उघडून बघत बसणारा. त्याची बायको सगुणा म्हणायची, ह्यांच्या वाटेत वाघ आला तर हे पळायच्या आधी त्याचे पट्टे बघतील.

तरुणपणी तो मुंबईत प्लास्टरच्या एका कारखान्यात होता. चित्रकला शिकणाऱ्या पोरांसाठी तिथं विलायती पुतळ्यांच्या नकला निघत. त्यामुळे त्या साली, एकतीस-बत्तीसचा सुमार असेल, बंदरावरच्या एका बदली झालेल्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा सगळा गाव खुर्च्या आणि बश्या उलट्यासुलट्या करून बघत होता, आणि भिकाजी कोपऱ्यात एका संगमरवरी डोक्यापाशी उकिडवा बसला होता. ते डोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. त्याने ते वळवलं आणि त्याच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. ही नक्कल नव्हती.

साहेबाचा बटलर दादू म्हणाला, रोम म्हणून गाव आहे, तिथली ही कुणी बड्या घरची बाई, दोन हजार वर्षांपूर्वीची. देवीबिवी नव्हे, खरीखुरी बाई, घरच्यांनी करून घेतलेली. मग तोंड भिंतीकडे का, असं भिकाजीने विचारलं. बाईसाहेबांना आवडत नसे, एवढंच दादू म्हणाला आणि बश्या मोजायला निघून गेला. डोक्यावर कुणी बोली लावेना. शेवटी एका मोडक्या खुर्चीबरोबर ते भिकाजीकडे आलं. खुर्ची सगुणेने चुलीत घातली.

२

डोक्याचं सर्वांत जास्त अप्रूप वाटलं ते मथुरेला. मथुरा म्हणजे भिकाजीची सून, पाली गावची. मुलगा गंगाराम बोटीवर खलाशी. लग्न उरकून तो वैशाखात बोटीवर चढला तो दिवाळी झाल्यावरच परतायचा. भिकाजीला मुलगी नव्हती, आणि ही पोर त्याच्याच वळणाची निघाली, हे का आणि ते कसं विचारणारी. तिच्यावर त्याचा फार जीव होता. घरात बोलायला माणूस मिळालं, असं तो सगुणेच्या तोंडावर सांगायचा आणि सगुणा हात जोडायची.

मथुरेच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात मोहरीएवढा तपकिरी डाग होता. मुलगी बघायला गेले तेव्हा सगुणेने तो लगेच हेरला होता. चंद्राला असतो तर हिला असला म्हणून काय झालं, असं म्हणून भिकाजीने तिथल्या तिथे विषय संपवला होता.

मथुरेने ओल्या फडक्याने ते डोकं पुसून काढलं. कपाळावर केसांची उंच कमान, तिच्यात कुरळ्या बटांची इतकी दाट भोकं की मधाचं पोळंच म्हणावं. मागे वेण्यांचा घट्ट अंबाडा. नाकाचा शेंडा उडालेला, हनुवटीखाली एक वळी, ओठ मिटलेले. चेहरा सुंदर म्हणण्यासारखा नव्हता, पण एकदा बघितला की विसरण्यासारखाही नव्हता. भाकरी करपली तर ओरडणार नाही, नुसती बघेल, अशी बाई. फक्त बघणार कशाने, डोळे सपाट पांढरे होते. पूर्वी रंगवलेले असतील आणि रंग उडाला असेल, असं भिकाजी म्हणाला.

“हिला घर असंल का ओ, मामंजी?” मथुरेने विचारलं.

“असंल की. मोठं असंल. नोकरचाकर असतील.”

“आणि आता?”

आता दगड आहे, असं भिकाजी हसत म्हणाला. संध्याकाळी तो सगळ्या ओल्या कामावर गोणपाट टाकायचा तसं त्याने त्या डोक्यावरही टाकलं. मथुरेने येऊन ते नाकाच्या वरपर्यंत दुमडलं.

“तोंड झाकू नका तिचं. गुदमरंल ती.”

त्या दिवसापासून रोज तो झाकायचा आणि रोज ती तोंड उघडं करायची. दोघांचा तो खेळच होऊन बसला.

३

भाद्रपद जवळ आला तसा भिकाजीच्या डोक्यात किडा वळवळू लागला. गौरीचे मुखवटे सगळीकडे एकाच वळणाचे, वाटोळे, गोबरे, पुरीसारखे फुगलेले. ह्या बाईचा चेहरा गौरीला लावला तर कशी दिसेल? गिऱ्हाइकाला असलं काही चालणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पण घरच्या गौरीला कोण विचारतो? त्यात ह्या वर्षी गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात येत होत्या, आणि नव्या सुनेचा पहिला ओवसा अशाच साली होतो, म्हणजे मथुरेचा पहिला ओवसा होता. सुपात पानं, फळं आणि सौभाग्याचं सामान भरून नवी सून गौरीपुढे ओवाळते, तो ओवसा. सुनेच्या पहिल्या ओवशाला जगात कुठे नसेल अशी गौर बसवायची, असं त्याने ठरवलं आणि त्याला फार बरं वाटलं.

नाकाचा उडालेला शेंडा त्याने मातीने पुरा केला, केस वगळून कपाळ ते हनुवटी असा प्लास्टरचा साचा काढला आणि साच्यात शाडू दाबला. मुखवटा सुबक उतरला.

चार दिवसांनी, वाळल्यावर, त्याने तो गंमत म्हणून परत साच्यात ठेवून बघितला. तो तंतोतंत बसला. कपाळाला कपाळ, गालाला गाल, मध्ये नखही शिरेना.

भिकाजीने मुखवटा काढला, पुन्हा ठेवला. शाडू वाळला की आटतो. बोटभर तरी आटतोच. तीस वर्षं मातीत हात असलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. मग हा कसा आटला नाही? हवा दमट आहे, आतून ओला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. टिचकी मारली तर मुखवटा खणखणीत वाजला. त्याने तो फळीवर ठेवला आणि दिवसभर इतर कामं करता करता त्याच्याकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. त्याला मौज वाटली.

४

डोळे सर्वांत शेवटी आखायचे, अंघोळ करून, कोऱ्या कुंचल्याने. हे सगळ्याच शाळांत चालतं. पण भिकाजीला ज्याने हे काम शिकवलं त्या भागोजी मेस्त्रीचा आणखी एक दंडक होता, की डोळे आठवून आखायचे, कुणाचे बघून नव्हे. का, ते मेस्त्रीने कधी सांगितलं नाही. शिकाऊ पोरांनी पाणवठ्यावरच्या बायकांकडे टकमक बघत बसू नये म्हणून म्हाताऱ्याने ही युक्ती काढली असावी, असं भिकाजीचं मत होतं.

त्याने नेहमीचे डोळे आखले, लांब, बदामी, कानापर्यंत गेलेले. ह्या चेहऱ्यावर ते उसने आणल्यासारखे दिसले. पुसले. लहान केले. पुसले. शेवटी तो वैतागला, आणि वर बघितलं तर समोर उजेडात मथुरा बसलेली, मातीच्या गोळ्या वळत.

“जरा अशीच बस गो बाय. हलू नको.”

ती हसली आणि बसली. त्या दिवशी त्याचा हात असा चालला की कुंचला आपल्या आधी जातोय असं त्याला वाटलं. पापणीची जाडी, बाहुलीतली चमक, सगळं जागच्या जागी पडलं. शेवटी डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात त्याने तपकिरी रंगाचा बारीक ठिपका दिला. देवीला डाग लावायचं काही कारण नव्हतं. पण जे समोर आहे ते सोडायचं नाही, हा त्याचा हट्ट.

मथुरेने पदराने डोळे चोळले. पापणी न हलवल्याने चुरचुरलं असेल. मग तिने मुखवटा हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. आवडला का, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, “माझ्याकडं बगत्येय ती.” त्यात काय, चांगल्या मुखवट्याने बघायलाच हवं, असं भिकाजी म्हणाला.

५

गौर विहिरीवरून आणायची. घरात लेक नाही म्हणून मान सुनेचा. तेरड्याची जुडी, सुपात मुखवटा, वर कोरा खण, आणि विहिरीपासून उंबऱ्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागे बघायचं नाही. उंबऱ्यावर सासूने पाय धुवायचे आणि विचारायचं, कोण आली? सुनेने सांगायचं, गौर आली. कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. मग तिला घर दाखवायचं, एकेक खोली. सगळ्या आळीतल्या बायकांना हे पाठ असतं.

सगुणेने मथुरेच्या पायांवर पाणी घातलं. “कोण आली?”

वाऱ्याने खणाचं टोक उडालं. सगुणेने पुन्हा विचारलं.

“आले,” मथुरा म्हणाली.

पोर घाबरली आहे, असं म्हणून शेजारची येसूबाई हसली आणि पुढचं तिनेच म्हणून टाकलं. सगुणा निरांजन घेऊन पुढे चालू लागली. हे माजघर, ही चूल, ही भाताची कणगी. प्रत्येक ठिकाणी मथुरा थांबे, आणि जरा जास्तच थांबे. एखादी बाई भाड्याने घर घ्यायला आलीय की काय, असं भिकाजीच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

शेवटची खोली झाली. मखराकडे वळायचं. मथुरा वळली नाही. सूप तसंच धरून ती सरळ पडवीत गेली, गणपती गिऱ्हाइकांकडे गेल्याने रिकाम्या झालेल्या शाळेत, जिथे गौरीला कुणी कधी नेत नाही. गोणपाटाखालच्या डोक्यासमोर ती उभी राहिली. त्या दिवशी गोणपाट हनुवटीपर्यंत होतं. सणाच्या गडबडीत ते दुमडायचं राहून गेलं होतं.

“अगो, तिकडं काय?” सगुणेने हाक मारली. मथुरा मुकाट्याने परत आली. वाट चुकले, असं नंतर म्हणाली. चार खोल्यांच्या घरात.

६

दुसऱ्या दिवशी ओवसा झाला. हिरव्या साडीतली, नव्या वेणीतली मथुरा गौरीपुढे सुपं ओवाळताना भिकाजीचे डोळे भरून आले. येसूबाई म्हणाली, गौरीचे डोळे अगदी सुनेवर गेलेत. सगुणेने नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि ती जमलेल्या बायकांना हळदकुंकू द्यायला वळली.

दुपारी मथुरा मागल्या पडवीत वाल सोलत बसली होती. तिने भिकाजीला जवळ बोलावलं.

“मामंजी, मला मखरापुढचं दिसतंय.”

“म्हंजे?”

“मी हितं बसलेय. पण समोर समई दिसत्येय. डोळे मिटले की आनिकच दिसतंय.”

सणाची दगदग, उपास, जागरण, अशी सगळी कारणं भिकाजीच्या जिभेवर आली. पण बोलला तो भलतंच. “बरं, मग सांग, मखरापुढं आता काय हाय?”

तिने डोळे मिटले. मांजर नैवेद्याच्या वाटीत तोंड घालतंय, म्हणाली. भिकाजी धावत पुढल्या खोलीत गेला. मांजर मिशा चाटत होतं.

त्याने काय करायला हवं होतं हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. पण त्याने काय केलं, तर एक फूल उचलून गौरीपुढे धरलं आणि तिथून ओरडून विचारलं, कोणतं? जास्वंद, मागून उत्तर आलं. त्याने ते लपवून दुसरं धरलं. सोनटक्का. पुन्हा बरोबर. हरखलेल्या पोरासारखा तो इकडून तिकडे करत राहिला, आणि मागल्या पडवीतून येणारा आवाज दर खेपेला जरा लहान होतोय हे त्याच्या कानांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

तो परत गेला तेव्हा वालाचे दाणे जमिनीवर सांडले होते आणि मथुरा हाताने चाचपत होती. दाणे तिच्या समोरच होते.

“पुसा ना ते डोळे, मामंजी,” ती हळूच म्हणाली. “मला हितलं दिसंना.”

ओलं फडकं फिरवायचं, बस. एका हाताचं काम. पण बसलेल्या गौरीचे डोळे पुसायचे? सुनेच्या पहिल्या ओवशाच्या दिवशी? सगुणा घर डोक्यावर घेईल, आळी तोंडात शेण घालेल. आणि ह्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट होती जी त्याला नंतर पुष्कळ वर्षं आठवली: उद्या काय होतं ते त्याला बघायचं होतं.

“उद्या जायचीच हाय ती पाण्यात,” तो म्हणाला. “माती ती. गेली की झालं.”

मथुरेने मान डोलावली. मामंजींचा शब्द होता.

७

मांडवीच्या किनाऱ्यावर उजेड असतानाच आळीचे गणपती आणि गौरी उतरले. भिकाजीने मुखवटा स्वतः घेतला. दुसऱ्या हाताने त्याने मथुरेचा हात धरला होता. ती पावलं जपून टाकत होती, आणि पायाखाली नव्हे, समोर, मुखवट्याचं तोंड ज्या बाजूला होतं त्या बाजूला बघत होती.

गुडघाभर पाण्यात त्याने मुखवटा सोडला. तो उताणा तरंगला. शाडू पाण्यात पडला की कडा आधी विरतात, नाक जातं, ओठ जातात. भिकाजी ते बघायला वाकला. कडा विरल्या नाहीत. काहीच विरलं नाही. तो चेहरा डोळे उघडे ठेवून पाण्याखाली उतरत गेला, सावकाश, जिना उतरल्यासारखा.

“हिरवं झालं,” मथुरा म्हणाली. तिची बोटं त्याच्या मनगटात रुतली होती. “मामंजी, सोडू नका हा. सगळं हिरवं झालं.”

“नाय सोडत. हितंच हाय मी.”

त्याने हात सोडला नाही, हे खरं आहे. एक लाट आली, पाणी गढूळ झालं, आणि त्याच्या हातातली बोटं सैल पडली. मग तो हात आपणहून बाजूला झाला, पदर सारखा करायला.

त्याने बघितलं. मथुरा नीट उभी होती. गुलाल उधळणारी पोरं, नारळाची करवंटी, डबकं, सगळं चुकवत ती वाळूतून पुढे चालू लागली. दिसतंय का, असं त्याने मागून विचारलं. दिसतंय, ती म्हणाली. भिकाजीचा जीव एवढा मोकळा झाला की त्याने रस्त्यात दोघा-तिघांना उगीचच थांबवून ह्या वर्षी पाऊस कसा पडला ते विचारलं.

८

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. भिकाजी आणि सगुणा आत गेली. मथुरा उंबऱ्याबाहेर थांबली. तिच्या ओंजळीत किनाऱ्यावरची वाळू होती, घरात टाकायला आणतात ती.

“ये की आत. अशी का उभी?” सगुणा म्हणाली.

“तुम्ही विचारलं नाही,” मथुरा म्हणाली.

सगुणेला आधी कळलं नाही. मग ती हसली. दोन दिवस गप्प असलेल्या सुनेला थट्टा सुचली, म्हणून तिला बरंच वाटलं. भिकाजीच्या मनात आलं, विचारू नको म्हणावं. पण का, ते त्याला सांगता आलं नसतं, आणि तेवढ्यात सगुणेने कमरेवर हात ठेवून विचारलंच.

“बरं बाय, कोण आली?”

“मथुरा आली.”

उजवा पाय आत पडला. ती माजघरातून चुलीपाशी गेली, चुलीपासून कणगीपाशी. प्रत्येक ठिकाणी चिमूटभर वाळू टाकली. कुठे अडखळली नाही. जाता जाता तिने भिकाजीकडे बघितलं, आणि देवळीतल्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला. डाव्या डोळ्याचं पांढरं स्वच्छ होतं. अंड्याच्या कवचासारखं.

भिकाजी दिवा घेऊन शाळेत गेला. त्याची खोड अशी की ह्या वेळीसुद्धा त्याला बघायचंच होतं. त्याने गोणपाट उचललं. केसांची कमान तीच. ओठ तेच, मिटलेले. हनुवटीखालची वळी तीच. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या दगडात मोहरीएवढा तपकिरी डाग होता.

त्याने अंगठ्याने घासला. नखाने खरवडला. डाग दगडावर नव्हता, दगडात होता. आणि खरवडताना त्याचा अंगठा ओला झाला.

“पोरी,” तो म्हणाला.

मागे बांगड्या वाजल्या. ती दारात उभी होती, रिकामे हात झटकत. तिने आधी दगडाकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या गोणपाटाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट थोडी दयाच होती, पूर्वी त्याच घरात राहून गेलेल्या माणसाला नव्या भाडेकरणीबद्दल वाटावी तशी.

“झाका तिला, मामंजी,” ती म्हणाली. “आधी गुदमरतं. मग सवय होते.”